गोडच तर आहे

४ फेब्रुवारी, मंगळवार

टपालबाई म्हणाल्या, वही घे आणि लिहीत जा. त्यांचं खरं नाव आमच्या सभेत कुणी घेत नाही. सगळा जन्म टपाल कचेरीत गेला म्हणून टपालबाई. दारू सोडलेल्यांच्या सभेत प्रत्येक नव्या माणसाला एक जुनं खोड दिलेलं असतं, टेकायला. माझं खोड त्या. म्हणाल्या, "मला सांगायची लाज वाटेल ते वहीला सांग. वही उलट बोलत नाही." म्हटलं, तुम्ही तरी कुठे बोलता, नुसत्या बघता. त्यावरही त्यांनी नुसतं बघितलं.

तर लिहिते. गेल्या वर्षी सोडली. हातांची थरथर थांबलीय, झोप लागते. माझा धंदा लोकांच्या तोंडावर चालतो, म्हणजे मी कवळ्या करते. दातांचे डॉक्टर रुग्णांच्या जबड्यांचे साचे पाठवतात, त्यात आम्ही प्लास्टर ओततो, मेणाच्या हिरड्या घडवतो आणि त्यात एकेक दात बसवतो. माझे हात थरथरायला लागले तेव्हा मालकांनी काढून नाही टाकलं. काही न बोलता दात काढून घेतले आणि मला प्लास्टर कालवायला बसवलं. आता दात परत माझ्या टेबलावर आलेत. काल एका म्हातारबुवांची वरची कवळी पूर्ण केली. मालक ती उजेडात धरून म्हणाले, "बाई, हे हसू चांगलं जमलंय." घरी येईपर्यंत मीच हसत होते.

दिवस कलला की मात्र जीव कासावीस होतो अजून. त्याला टपालबाईंचा इलाज आहे. त्यांच्या पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्या असतात. "तलफ आली की चोख. जिभेला काहीतरी दिलं की ती गप बसते." चोखते. बसते गप.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज डोळ्यांत पाणी आलं आणि ते कुणाला दिसलं नाही हे बरं झालं. लेक म्हणाली, "आई, आठवड्यातले तीन दिवस दुपारी भिंगरीला तुझ्याकडे ठेवू का?"

भिंगरी म्हणजे माझी नात. चार वर्षांची आहे, एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. लेकीची विमा कंपनीतली नोकरी पूर्ण वेळ झालीय आणि जावई फिरतीवर असतो. पाळणाघर आहे जवळ, पण तिने मला विचारलं. मला! दोन वर्षांपूर्वी ती मला पोरीला उचलूनसुद्धा घेऊ देत नव्हती.

मी सकाळच्या पाळीत काम करते, दुपारी मोकळीच असते. हो म्हणाले. फार घाईने म्हणाले बहुतेक, कारण ती जरा थबकली.

ती आली की दारातच मला जवळ घेते. बघणाऱ्याला वाटेल, किती माया. पण तिचं नाक माझ्या तोंडापाशी येतं आणि क्षणभर थांबतं. मला कळतं. मी मुद्दाम मोठा श्वास सोडते, घे म्हटलं, पोटभर घे वास. लपवण्यासारखं काही नसण्याची मजा काय असते ते न पिणाऱ्यांना कळायचं नाही.

मग ती आत आली आणि नेहमीसारखी आपली चप्पल आतल्या खोलीच्या दारात अडकवून ठेवली, दार मिटू नये म्हणून. लहानपणापासून तिला कोंदट जागा सोसत नाही. तिच्या वडिलांवर गेलीय. त्यांना ट्रकच्या खिडक्या उघड्या टाकून चालवायची सवय होती, थंडीतसुद्धा.

१७ फेब्रुवारी, सोमवार

भिंगरी आली की घर भरतं. आज तिला कामावरून आणलेलं जुनं मेण दिलं. तिने त्याचे दात केले, मग माणूस केला, मग त्या माणसाला दात बसवले. वारसा चालू राहणार.

चार वाजायच्या सुमाराला तिला दूध-बिस्किटं देते. तिच्याबरोबर मीही दोन खाते. दोनाची चार होतात. चारांचा पुडा कधी होतो ते कळत नाही. आज ती गेल्यावर पुडा बघितला तर कागदच उरला होता. हसले. दारूच्या मानाने काय, गोडच तर आहे.

कपाटात ठेवलं की दिसतं आणि दिसलं की खाल्लं जातं, म्हणून आज एक पुडा धुण्याच्या यंत्राच्या मागे ठेवला आणि कंडेन्स्ड मिल्कचा, म्हणजे गोड घट्ट दुधाचा, डबा शिवणाच्या टोपलीखाली. जागा पटकन सुचल्या. सोयीच्या आहेत.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

जिन्यात खालच्या शिवणवाल्या भेटल्या. आमच्या खालच्या मजल्यावर त्यांचं शिवणकाम चालतं, दिवसभर यंत्राचा आवाज येतो. म्हणाल्या, "तब्येत सुधारली हो तुमची! आता छान वाटता. नाहीतर तेव्हा जिन्यात बसून असायचात. एकदा मी तुम्हाला वर नेऊन घातलं, आठवतं?"

आठवत नाही. "आठवतं की," म्हटलं, "उपकार झाले तुमचे."

हे असं होतं. कुणीतरी भेटतं आणि माझ्याबद्दल काहीतरी सांगतं, जसं काही माझ्या एखाद्या जुळ्या बहिणीबद्दल सांगतंय. ती बाई याच घरात राहायची, माझेच कपडे घालायची. कुठे कुठे फिरली, कुणाकुणाशी काय बोलली, कोण जाणे. कधीकधी वाटतं ती गेलेली नाही. मी बाहेर पडले की ती आत येते आणि मी आत आले की ती आतल्या खोलीत जाऊन उभी राहते.

वर येऊन डबा फोडला. चमच्याने खायला सुरुवात केली, मग बोटाने. तळ दिसल्यावर जीव शांत झाला. मग तो डबा धुतला, कागदात गुंडाळला आणि दुसऱ्या इमारतीच्या कचऱ्यात टाकून आले. का टाकून आले? कुणी बघणार होतं थोडंच.

२६ फेब्रुवारी, बुधवार

भिंगरीची उंची मोजायची टूम निघाली. आतल्या खोलीच्या दाराला आतून टेकवून उभी केली, डोक्यावर पट्टी धरली. खूण करायला खाली वाकले तर रंगाचे पोपडे सुटलेले. त्याखाली लाकडावर ओरखडेच ओरखडे. माझ्या गुडघ्याच्या वर, मांडीपर्यंत. एकाच जागी, खोल. वरून रंगाचे दोन हात दिलेले, तरी बोट फिरवलं की लागतात.

आधीच्या भाडेकरूकडे कुत्रं असणार. मोठं असणार चांगलं.

लेक न्यायला आली तेव्हा सहज विचारलं, "काय गं, आपण इथे राहायला आलो त्याच्या आधी इथे कुणाकडे कुत्रं होतं का?"

ती दाराकडे बघत होती. "असेल," म्हणाली. भिंगरीचे बूट बांधायला बसली आणि एकाच बुटाची नाडी तिने तीनदा सोडून बांधली.

३ मार्च, सोमवार

माझा ब्लाउज बसत नाही. दुसराही नाही. सभेत टपालबाई म्हणाल्या, "अंग धरलंयस." म्हटलं, तुम्हीच तर सांगितलं होतं गोड खा. त्या म्हणाल्या, "मी गोळी चोखायला सांगितली होती." आणि मग बराच वेळ बघत राहिल्या. "खाताना कुणी समोर असतं का गं तुझ्या?"

काय प्रश्न आहे? एकटी बाई मी, समोर कोण असणार. राग आला. परतताना वाटेतल्या बेकरीतून केकचे तुकडे घेतले, चार जणांना पुरतील असे, आणि दुकानदाराला आपण होऊन सांगितलं, "पाहुणे यायचेत." त्याने विचारलंही नव्हतं.

पाहुणे काही आले नाहीत.

५ मार्च, बुधवार

लेकीने भिंगरीसाठी जॅमची मोठी बाटली आणून ठेवली होती सोमवारी. आज तिने पावाला लावून द्यायला म्हणून उघडली तर रिकामी. म्हणाली, "अगं बाई! संपली पण?"

मी म्हटलं, "तुझी लेक. चाटूनपुसून खाते."

भिंगरी मान वर करून माझ्याकडे बघत राहिली. लेक तिला म्हणाली, "एवढं गोड खायचं नाही हं, दात किडतील." भिंगरीने मान हलवली. माझ्यासाठी मान हलवली तिने. चार वर्षांच्या पोरीला काय कळतं, असं लिहिणार होते. पण तिला कळलं होतं.

१२ मार्च, बुधवार

विशेष काही नाही. भिंगरी पडली. ओठ फुटला आणि पुढच्या दाताचं टोक गेलं. बर्फ लावला. लेकीला सांगितलं, धावताना पडली. दुधाचा दात आहे, आज ना उद्या पडायचाच. मुलं पडतातच.

कामावर एक कवळी उद्या द्यायची आहे. लवकर झोपते.

१४ मार्च, शुक्रवार

लेक आज एकटीच आली. कामावरून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आली होती. दारात मला जवळ घेतलं नाही. म्हणाली, "आई, तोंड उघड."

मी उघडलं. तिने वास घेतला. डोळे मिटून घेतला. मग परत एकदा.

"नाही ना?" मी म्हटलं. "बघ! एक थेंब नाही. शपथ घेऊन सांगते, तेव्हापासून एक थेंब नाही." माझा आवाज चढला होता, आनंदाने चढला होता. वर्गात पहिली आल्यासारखी मी तिच्यापुढे तोंड उघडून उभी होते.

ती खाली बसली. खुर्ची होती शेजारी, पण जमिनीवरच बसली.

"भिंगरी म्हणते, आजी घरात नव्हती. ती उठली तेव्हा तू नव्हतीस. तिने दार वाजवलं. मग स्टूल ओढून कडीला हात घालायला गेली आणि स्टुलावरून पडली. पडल्यावरही तू नव्हतीस. खरं आहे?"

"औषध आणायला गेले होते खाली. दहा मिनिटं. फार तर दहा. ती झोपली होती गं."

"कसलं औषध?"

मला एकाही औषधाचं नाव सुचलं नाही.

"मी खालच्या बाईंना विचारून आले," ती म्हणाली. "त्या म्हणाल्या, एक अख्खी बाही लावून झाली तोवर दार वाजत होतं. शेवटी त्या वर आल्या, बाहेरून तिच्याशी बोलत राहिल्या. मग तू जिन्यातून आलीस. वरून आलीस, आई. खालून नाही. वर गच्ची आहे. गच्चीवर औषध मिळतं?"

मग मी सांगितलं. काय करणार. बिस्किटं संपली होती. ती झोपल्यावर मला राहवेना. कुलूप लावून कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, घट्ट दुधाचे दोन डबे घेतले. घरात फोडले तर ती उठेल, मागेल, लेकीला सांगेल. म्हणून गच्चीच्या पायऱ्यांवर बसले. "दारू नव्हती," असं मी चार-पाच वेळा म्हटलं असेन. "दूध होतं गं. गोडच तर होतं."

लेक रडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे बघत होती, पण मी तिथे नसल्यासारखी.

"इतकी वर्षं मी समजत होते की ती दारू होती," ती म्हणाली. "आई वाईट नाही, ती दारू तिला घेऊन जाते. बाबांनीही मला हेच सांगितलं होतं. मी त्यावर मोठी झाले. आणि आता दारू नाही, तरी तू कुलूप लावून गेलीस."

"तरी म्हणजे?"

तिने आतल्या खोलीच्या दाराकडे मान वळवली.

"कुत्रं नव्हतं, आई."

एवढं बोलून ती उठली. चप्पल घालताना तिचा हात भिंतीवर टेकला होता. मी तिला थांबवलं नाही. ती काय म्हणाली हेच मला समजत नव्हतं. मग हळूहळू समजायला लागलं.

१५ मार्च, शनिवार

काल जे लेकीला सांगितलं नाही ते इथे लिहिते.

मला ऐकू येत होतं.

गच्चीच्या पायऱ्यांवर दाराचा आवाज स्पष्ट येतो. आधी हाताने थापटल्यासारखा, मग "आजी, आजी". मी म्हटलं, एवढं संपवते आणि जाते. मग काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग रडणं. माझा हात थांबला नाही. शिवणवाल्या वर आल्या, "बाळा, रडू नको, आजी कुठे गेली?" म्हणाल्या, तेही मी ऐकलं. दुसऱ्या डब्यात थोडं उरलं होतं. ते संपेपर्यंत मी उठले नाही.

चव लागत नव्हती. हे कुणी मानणार नाही. चव कधीच गेली होती.

आता दारावर बोट फिरवते आणि काही आठवतं का बघते. काहीच आठवत नाही. ती खोली, ती पोर, मी बाहेरून कडी घालते आहे, असं मनात उभं करून बघते. नाटकात दुसऱ्याच कुणाला पाहावं तसं दिसतं. माझ्या हातून झालं आणि माझ्याकडे त्याचं काही नाही. जे आहे ते तिच्याकडे. तिने एकटीने सांभाळलं, वर रंगाचे दोन हात कुणी दिले तेही मला माहीत नाही.

२२ मार्च, शनिवार

लेकीचा फोन नाही. मी केला तर उचलत नाही. जावयाने एकदा उचलला, म्हणाला, "तिला थोडा वेळ द्या, आई." भला माणूस आहे. भिंगरीला पाळणाघरात घातलंय.

आज कामावर एका बाईची खालची कवळी उलटसुलट केली. डावीकडचे दात उजवीकडे. मालक म्हणाले, "बाई, बरं आहे ना सगळं?" त्यांनी हळूच हवा हुंगली. त्यांचीही सवय गेलेली नाही. म्हटलं, पीत नाही हो मी. ते ओशाळले.

सुटल्यावर पाय जुन्या दुकानासमोर जाऊन थांबले. काचेत बाटल्या तशाच रांगेत आहेत, नव्या रंगाची लेबलं आलीत दोन-चार. मनात आलं, प्यायले तर बरं होईल. निदान सगळ्यांना कळेल काय झालंय ते. लोक म्हणतील, परत लागली बिचारी. पिण्याला नाव तरी आहे. मी जे करते त्याला काय म्हणायचं?

आत गेले नाही. शौर्य वगैरे काही नाही. शेजारी बेकरी होती.

पाव घेतला, अख्खा, आणि बागेतल्या बाकावर बसून कोरडाच खाल्ला. लोक येत-जात होते. एक माणूस माझ्या बाजूला बसायला आला, त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या बाकावर गेला. मी ओळखते ती नजर. पाव संपला. भुकेचं नावसुद्धा नव्हतं, तरी मी पिशवी झटकून चुरा बोटाने टिपत होते.

तिथूनच टपालबाईंना फोन लावला.

२३ मार्च, रविवार

टपालबाई आल्या. सगळं सांगितलं, पायऱ्यांवरचंही. सांगताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत झाली नाही, त्यांच्या चपलांकडे बघून बोलले.

त्यांनी पर्स उघडली, लिमलेटची पुडी काढली, जाऊन कचऱ्यात टाकून आल्या.

"माझं चुकलं थोडं," म्हणाल्या. "मला ज्याने फायदा झाला तेच औषध मी सगळ्यांना वाटत सुटले. पुष्कळांना चालतं गं, खरंच चालतं. तुझ्यावर लक्ष ठेवायला हवं होतं."

"हे व्यसनच आहे का, बाई?"

"मला काय ठाऊक? मी टपालवाली. डॉक्टरला विचार." मग म्हणाल्या, "पण लपवायला लागलीस ना, तेव्हा तुझं तुला कळलं होतं. धुण्याच्या यंत्रामागे बिस्किटं कुणी ठेवत नाही."

दोघींनी मिळून घर उलटंपालटं केलं. शिवणाची टोपली, यंत्रामागची फट, पलंगाचा खण, पाण्याच्या टाकीवरचं फडताळ. त्या फडताळात बिस्किटांच्या पुड्याआड एक जुनी बाटली निघाली. रिकामी, बुडाशी तपकिरी पापुद्रा. म्हणजे जागा मला सुचल्या नव्हत्या. माझ्या हातांना ठाऊक होत्या.

टपालबाईंनी ती उचलली, वास घेतला, म्हणाल्या, "शी! कसली हलकी प्यायचीस गं." आणि आम्ही दोघी हसलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. हसता हसता मला हुंदका आला तेव्हा त्या उठून भांडी घासायला लागल्या, पाठ करून.

२ एप्रिल, बुधवार

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, लेकीच्या वयाच्या असतील. रक्तातली साखर काठावर आहे म्हणाल्या. मी विचारलं, याला व्यसन म्हणायचं का? म्हणाल्या, "खरं सांगू? त्यावर आमच्यातच एकमत नाही. दारू सोडल्यावर पुष्कळ जणांना गोडाची ओढ लागते, बहुतेकांची आपोआप ओसरते. तुमची ओसरत नाहीये. नाव काय द्यायचं ते नंतर बघू. तुम्ही दिवसात जेवता कधी?"

विचारात पडले. खाते सारखी. जेवत नाही कधीच.

"मग तिथून सुरुवात करू. ठरल्या वेळी, ताटात घेऊन, बसून. जमलं तर कुणाच्या तरी सोबत."

एका समुपदेशक बाईंकडेही पाठवलंय. दारू पूर्णपणे सोडता येते, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अन्न सोडता येत नाही. रोज त्याच्याशी भेट ठरलेली. हे ऐकून मला भीती वाटली. दारूचं दुकान तरी रस्ता बदलून टाळता येतं.

१९ एप्रिल, शनिवार

जेवते. कामावर मालकांच्या बायकोसोबत एकदा, संध्याकाळी टपालबाईंकडे एकदा. कधी पडते, कधी सावरते. मंगळवारी पडले, दोन पुडे. लगेच फोन करून सांगितलं. टपालबाई म्हणाल्या, "बरं. उद्या ये जेवायला." एवढंच.

घरात ती जुनी बाई अजून आहे. दुपारी अंगावर काटा येतो, आतल्या खोलीत कुणी श्वास घेतंय असं वाटतं. आधी मी घाबरून दिवे लावायचे. परवा तिथे जाऊन जमिनीवर बसले, दार आतून लावून. पोराच्या उंचीवर डोळे आणले. कडीपर्यंत हात नेण्याचा विचारही सुचू नये एवढी ती उंच दिसते.

फार वेळ बसवलं नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

लेकीने फोन उचलला.

मी ठरवून ठेवलेलं सगळं विसरले. एवढंच म्हटलं, "मला दाराचा आवाज ऐकू येत होता. त्या दिवशी. ऐकत होते आणि खात होते. तू हे दुसऱ्या कुणाकडून ऐकू नयेस म्हणून सांगते."

मला वाटलं फोन ठेवला.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली.

मग मी मागितलं. "मला तुझ्या वेळचं काही आठवत नाही. ते मला सांगशील?"

"कशाला? तुला सांगून हलकं वाटणार. आणि मी परत आत."

"हलकं वाटून घ्यायला नाही मागत. तू एकटीच धरून बसलीयस म्हणून."

"बघते," म्हणाली. मग, फोन ठेवताना, "भिंगरीला तुझ्याकडे एकटीला कधी ठेवणार नाही, आई. हे धरून चाल."

"धरलं," म्हटलं.

४ मे, रविवार

लेक आली. भिंगरी जावयाबरोबर बाहेर गाडीत होती. शेवटी पाच मिनिटं वर आणते म्हणाली आणि आणलं. तुटका दात दाखवून भिंगरी म्हणाली, "आजी, यातून शिट्टी वाजते." वाजवून दाखवली. मग बाप तिला बागेत घेऊन गेला.

लेकीने घरून जेवण आणलं होतं. डाळ, भाजी, भात. दोन ताटं वाढली, समोरासमोर बसलो. तिच्यासमोर खाताना माझा घास हातातच राहात होता. ती म्हणाली, "हळू जेव. मला घाई नाही."

जेवता जेवताच तिने सांगितलं. माझ्याकडे न बघता, भाताकडे बघत.

"तू जाताना खोलीत साखरेचा डबा ठेवायचीस. माझ्यासाठी. म्हणायचीस, हा खात बस, संपायच्या आत मी येते. म्हणून मी पटापट खायचे. संपवला की तू येशील असं वाटायचं. तोंड भाजल्यासारखं व्हायचं, तरी खायचे. मग संपायचा आणि तू आलेली नसायचीस. तेव्हा मग दार."

मी घास खाली ठेवला.

"मारलं नाहीस कधी," ती म्हणाली. "आल्यावर मांडीवर घ्यायचीस. माझी हनुवटी पुसायचीस पदराने. तेही सांगायला हवं, नाहीतर खोटं होईल."

मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच. "किती वेळाने यायचे गं मी?"

ती जरा विचारात पडली. खरंच आठवायचा प्रयत्न केला तिने, माझ्यासाठी.

"मला घड्याळ कुठे कळायचं तेव्हा."

खालचं शिवणयंत्र चालू होतं, थांबत होतं. तिने आपलं ताट संपवलं. माझं संपेपर्यंत ती बसून राहिली, हात वाळला तरी. तिच्या हनुवटीवर भाताचं एक शीत चिकटलं होतं. ते काढायला माझा हात उठला होता, मी तो परत खाली ठेवला. तिने बघितलं ते. काही वेळाने तिने स्वतःच पुढे वाकून हनुवटी माझ्याकडे केली. मी शीत काढलं.

ताटं उचलताना तिने विचारलं, "भरलं पोट?"

आमचं खरं बोलायचं ठरलंय.

"नाही," म्हटलं. "पण पुरे."